ब्लर झालेला पणजोबा

गेल्या उन्हाळ्यात घरच्या ग्रुपवर एक फोटो आला. पाठवणारा वरवट बकालचा माझा चुलतभाऊ. खाली लिहिलं होतं, ‘दादा, हे वाचून दे बरं. मले त काईच दिसून नाई रायलं.’

फोटो एका जुन्या कोतवाल बुकातल्या पानाचा होता. म्हणजे पानाच्या स्कॅनची प्रिंट, आणि त्या प्रिंटचा मोबाइलवर काढलेला फोटो. पिवळट कागद, उधईनं खाल्लेली कड, आडव्या ओळी, रकाने. रकान्यांत अक्षरं होती, म्हणजे असावीत. पावसानं भिजलेल्या काचेतून दुकानाची पाटी दिसते तशी. आधी वाटलं, पोराचा हात हलला. मग झूम केलं, तर प्रिंटरच्या शाईचे बारीक ठिपके एकदम स्वच्छ दिसत होते. धूसर होतं ते त्या ठिपक्यांनी बनलेलं अक्षर. म्हणजे भावाचा हात स्थिर होता, गडबड त्याच्या आधीच, स्कॅन करताना झाली होती. पानाच्या डाव्या कोपऱ्यात त्याचा पुरावाही होता. पान दाबून धरणाऱ्या कुणाचा तरी अंगठा. त्या अंगठ्याच्या नखावरची रेषन् रेष मोजता येत होती.

कॅमेऱ्यानं फोकस केला होता, पण अंगठ्यावर.

त्या पानावर आमच्या पणजोबांचं नाव आहे. बापाचं नाव, मुलाच्या जन्माची तारीख, जातीचा रकाना. भावाला इंजिनिअरिंगला ॲडमिशन घ्यायची आहे आणि जात वैधता प्रमाणपत्राच्या फाईलला हे पान लावायचं आहे. हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरात ही धावपळ झाली असेल, त्यामुळे फार समजावून सांगत नाही. ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०. या तारखांच्या आधीचा कागद दाखवा, मग पुढचं बोलू. आणि तेवढा जुना कागद खेड्यात असून असून असतो कुठे? शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात, नाहीतर कोतवाल बुकात. ज्या पणजोबांना घरातल्या कुणी पाहिलेलं नाही, ज्यांचा एक फोटो नाही, ते अचानक घरातले सगळ्यात महत्त्वाचे गृहस्थ होतात.

भाऊ परत त्या कार्यालयात गेला. मूळ रजिस्टर बघू द्या म्हणाला. उत्तर मिळालं, ‘ते आता काढत नाही, बस्त्यात बांधून ठेवलंय. सगळं स्कॅन झालंय ना!’

या ‘सगळं स्कॅन झालंय ना’बद्दल मला बोलायचं आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, कुणबी नोंदी शोधायला. आधी मराठवाड्यासाठी, मग राज्यभरासाठी. गावोगावच्या कपाटांतले बस्ते उघडले गेले, मोडी वाचणाऱ्यांना एकदम मान आला, पानं स्कॅन होऊन वेबसाइटवर चढली. आरक्षणाच्या वादात तुम्ही कुठल्याही बाजूचे असा, एक गोष्ट त्या वेळी सगळ्यांनाच कळली. ऐंशी-शंभर वर्षांपूर्वी एखाद्या पाटलानं, मास्तरानं किंवा कोतवालानं बोरूनं ओढलेली एक वेलांटी आज एका अख्ख्या घराचं काय होणार ते ठरवू शकते. आणि ती वेलांटी आता आपण बहुतेक वेळा कागदावर वाचत नाही. कॅमेऱ्यानं पाहिलेली वाचतो. म्हणजे कॅमेऱ्यानं नीट पाहिलं का, हा प्रश्न सरळ आपल्या गळ्याशी येतो.

माझं फिजिक्सचं डोकं इथे जरा चालायला लागलं. कागद छोटा करून फिल्मवर साठवायचा आणि नंतर मोठा करून वाचायचा, ही आयडिया फार जुनी आहे. फोटोग्राफीचा शोध जगजाहीर झाला ते साल १८३९. त्याच साली मँचेस्टरच्या जॉन बेंजामिन डान्सर नावाच्या उपकरणं बनवणाऱ्या माणसानं कागदाचा १६० पट लहान फोटो काढून दाखवला. पुढे फ्रान्सच्या रने दाग्रोंनं १८५९ मध्ये मायक्रोफिल्मचं पेटंट घेतलं. १८७०-७१ मध्ये प्रशियाच्या सैन्यानं पॅरिसला वेढा घातला तेव्हा त्याच्या फिल्मा कबुतरांच्या शेपटीला बांधलेल्या नळीतून शहरात जात. तिथे त्या मॅजिक लँटर्ननं भिंतीवर मोठ्या करून दाखवायच्या आणि कारकुनांनी बसून उतरवून घ्यायच्या. विचार करा, वेढ्यात अडकलेल्या बापाला पोरीचं पत्र येतंय आणि ते ब्लर आहे!

पण या सगळ्याला कचेरीत आणलं ते एका बँकवाल्यानं. न्यूयॉर्कचा जॉर्ज मॅकार्थी. त्याला चेकांचा हिशेब ठेवायचा होता. त्यानं १९२५ मध्ये ‘चेकोग्राफ’ या यंत्राचं पेटंट घेतलं. चेक पट्ट्यावरून सरकत जातो, आत फिल्मही त्याच प्रमाणात सरकत जाते, दोघांची चाल जुळलेली असल्यामुळे चालत्या कागदाचा फोटोही हलत नाही. कोडॅकनं १९२८ मध्ये ते विकत घेतलं आणि ‘रेकॉर्डॅक’ नावानं विकायला सुरुवात केली. १९३५ पर्यंत याच कंपनीनं न्यूयॉर्क टाइम्सच्या जुन्या अंकांचं मायक्रोफिल्मिंग सुरू केलं होतं. आपल्याकडेही दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि तीन मूर्ती भवनाच्या ग्रंथालयात संशोधक अंधाऱ्या खोलीत रीडरचं हँडल फिरवत जुनी कागदपत्रं आणि वर्तमानपत्रं वाचत आले आहेत.

चेक सपाट असतो, एका मापाचा असतो. रजिस्टर तसं नसतं. त्यासाठी दुसऱ्या जातीचा कॅमेरा आला, त्याला प्लॅनेटरी म्हणतात. खाली टेबल, बाजूला उभा खांब, खांबावर वर-खाली सरकणारं कॅमेऱ्याचं डोकं, दोन्ही बाजूंना तिरके दिवे. आत बहुधा ३५ मिलिमीटरची फिल्म, सिनेमाच्याच रुंदीची. खरं तर हा सिनेमाचाच कॅमेरा म्हणायचा, फक्त एका वेळी एकच फ्रेम काढणारा. आपले दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कुंडीत वाटाणा लावून त्याच्या वाढीची एकेक फ्रेम टिपत बसले होते, तोच संयम इथे लागतो. फाळक्यांना रोप हलताना दाखवायचं होतं, इथे मात्र काहीही हलू द्यायचं नसतं.

आणि इथेच फोकसची खरी गंमत आहे. बारावीचं लेन्सचं सूत्र आठवा. हो, तेच, परीक्षेनंतर विसरायचं म्हणून पाठ केलेलं. समजा, कॅमेऱ्याला ५० मिलिमीटरची लेन्स आहे. पान लेन्सपासून एक मीटरवर असेल, तर फिल्म लेन्सपासून साधारण ५२.६ मिलिमीटरवर हवी. आता लहान रजिस्टर आलं म्हणून डोकं खाली घेतलं, अंतर ६० सेंटिमीटर झालं. फिल्म आता ५४.५ मिलिमीटरवर हवी. म्हणजे कॅमेरा तब्बल ४० सेंटिमीटर सरकला, तर लेन्स सरकायची जेमतेम दोन मिलिमीटर. पण ती दोन मिलिमीटर चुकली की खेळ खलास. कारण पहिल्या उदाहरणात पान १९ पट लहान होतं. तीन मिलिमीटरचं अक्षर फिल्मवर ०.१६ मिलिमीटरचं उरतं. त्यातला उकार, अनुस्वार किती उरला असेल ते तुम्हीच काढा.

प्रत्येक वेळी हे हातानं जुळवायचं तर ऑपरेटर दिवसाला किती पानं काढणार? म्हणून शोध लागला तो अगदी साध्या, लोखंडी ऑटोफोकसचा. डोकं खांबावरून सरकताना एक छोटं चाक एका वळणदार पट्टीवर घासत जातं. त्या पट्टीचं वळण लेन्सच्या सूत्राप्रमाणेच कापलेलं असतं. चाक त्या वळणावरून चढलं-उतरलं की दांड्यामार्फत लेन्स नेमकी हवी तेवढीच सरकते. सेन्सर नाही, बॅटरी नाही, चिप नाही. गणिताचा आलेख धातूत कापून ठेवलेला! फोटो मोठे करायच्या एन्लार्जरांतही हीच युक्ती वापरायचे. मला विचाराल तर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला कॅम शिकवताना इंजिनच्या आधी हे शिकवायला हवं.

या यंत्राला डोळे नव्हते, हे मात्र लक्षात घ्या. त्याला फक्त टेबल किती दूर आहे ते कळायचं. टेबलावर पाचशे पानी फुगलेलं रजिस्टर ठेवलं आणि ते मधेच उघडलं, तर डावीकडचा गठ्ठा जाड, उजवीकडचा पातळ, मधे दरी. यंत्राला याचा पत्ताच नाही. मग त्यावर उपाय काय काढला, तर पुस्तकाचा पाळणा. खाली दोन फळ्या, आपल्या तराजूच्या पारड्यांसारख्या. एक दबली की दुसरी वर. वरून जाड काच. दोन्ही पानं काचेला खालून टेकली की एका पातळीत आली. पानं उलटत गेलात तशी पारडी आपोआप सरकत जातात. म्हणजे यंत्र कागदाकडे बघू शकत नव्हतं, तर कागदालाच यंत्राला हव्या त्या ठिकाणी आणून ठेवायची सोय माणसानं केली. आणि पानाला अंगठा लावायची गरजच उरली नाही.

आमच्या पणजोबांच्या पानाला नेमकी ही काच मिळाली नाही.

यंत्राला डोळे यायला सत्तरचं दशक उजाडलं. लायका बनवणाऱ्या जर्मनीच्या लाइट्झ कंपनीनं ऑटोफोकसवर बरीच पेटंटं घेतली होती, १९७६ च्या फोटोकिना प्रदर्शनात नमुनाही दाखवला, पण विकायला काढला नाही. पुढच्याच वर्षी जपानच्या कोनिकानं C३५ AF हा कॅमेरा बाजारात आणला. सामान्य माणसाच्या हातात आलेला हा पहिला ऑटोफोकस. आतला मेंदू अमेरिकेच्या हनीवेल कंपनीचा. दोन छोट्या खिडक्यांतून एकच दृश्य बघायचं आणि दोन्ही चित्रं कधी जुळतात ते शोधायचं, आपल्या दोन डोळ्यांसारखं. १९७८ मध्ये पोलरॉइडनं वटवाघळाची पद्धत उचलली. आवाज सोडायचा, परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं, त्यावरून अंतर. अंधारातही चालायचं, पण खिडकीच्या काचेतून फोटो काढायला गेलात तर फोकस काचेवर. १९८५ मध्ये मिनोल्टाचा ७००० आला आणि फोटोग्राफरांनी फोकसची रिंग फिरवणं हळूहळू सोडून दिलं. मग हनीवेल कोर्टात गेली, आमची कल्पना वापरली म्हणून. १९९२ मध्ये ज्युरीनं हनीवेलच्या बाजूनं कौल दिला आणि शेवटी मिनोल्टानं १२ कोटी ७५ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. फोकस एवढा महाग असतो, ही माहिती मी भावाला दिली. तो म्हणाला, ‘मंग आपल्याच पानाले काऊन नाई भेटला?’

प्रश्न बरोबर आहे. आपल्या खिशातल्या फोनमध्ये आता हे सगळं आहे. स्पीकरमध्ये असते तशीच चुंबक आणि वेटोळ्याची जोडी लेन्सला हलवते. सेन्सरवरचे काही पिक्सेल दोन बाजूंनी येणारा प्रकाश तपासून ‘पुढे जा, मागे ये’ सांगतात. ते जमलं नाही तर लेन्स मागेपुढे करून चित्र कुठे जास्तीत जास्त ठळक होतं ते शोधलं जातं. हे ‘ठळक’च घात करतं. फोनला काळ्या-पांढऱ्यातला फरक आवडतो. नव्वद वर्षांपूर्वीच्या पिवळ्या कागदावर विटलेली तपकिरी शाई, यात फरक असतोच किती? त्याच चौकटीत कुणाचा अंगठा, रजिस्टरची शिवण, नाहीतर प्लास्टिकच्या कव्हरवरचा चकाकता पट्टा आला की फोन तिकडे पळतो. तो चुकत नाही. त्याला जे शिकवलंय तेच तो करतो. हे नाव आहे आणि तो अंगठा आहे, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

आणि याहून मोठी भीती पुढे आहे. ब्लर फोटो निदान प्रामाणिक असतो, बघताक्षणी कळतं की गडबड आहे. नवे फोन आणि नवी ॲप्स काय करतात, तर धूसर अक्षराला ‘एन्हान्स’ करून धारदार बनवतात. ती धार आली कुठून? अंदाजातून. तुम्हाला वाटेल, उगाच घाबरवतोय. मग हे ऐका. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाच्या लक्षात आलं की झेरॉक्स कंपनीची काही स्कॅन-कॉपी यंत्रं आकडेच बदलतायत. ६ च्या जागी ८. फाईल लहान करण्यासाठी यंत्र एकसारखी दिसणारी अक्षरं शोधायचं आणि एकाच्या जागी दुसऱ्याचं चित्र चिकटवायचं. पान एकदम स्वच्छ. आकडा चुकीचा. आता जुन्या मराठी हातातला १ आणि ९ आठवा, ३ आणि ८ आठवा, आणि मघाच्या त्या तारखा आठवा. १९६१ चा १९६९ झाला तर एका आकड्यात माणूस तारखेच्या अलीकडचा पलीकडे जातो. म्हणून सांगतो, नोंदीचा फोटो काढताना ब्युटी फिल्टर, ‘मॅजिक कलर’ वगैरे प्रकार बंद ठेवा. मूळ फोटो जसाच्या तसा जपा. पाहिजे तर सजवलेली कॉपी वेगळी करा.

माझा मुद्दा यंत्राविरुद्ध नाही. डिजिटायझेशनही हवंच आहे. २०२३ च्या जुलैत आमच्या संग्रामपूर आणि शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यात पावसानं जो कहर केला, तो ज्यानं पाहिला त्याला कागद किती टिकतो हे सांगायला नको. घराघरांत चिखल शिरल्यावर पहिल्यांदा पोरं वाचवतात, मग जनावरं. सातबारा आणि मार्कशीट त्याच्या नंतर. शिवाय उधई, आणि ४४-४५ अंशांचा उन्हाळा. तेव्हा कागदाची दुसरी प्रत कुठेतरी सुरक्षित असलीच पाहिजे. माझी तक्रार आहे ती मोजणीबद्दल. स्कॅनिंगची कामं बहुतेकदा पानांवर मोजली जातात. इतके लाख पानं झाली, टक्केवारी इतकी, बातमी छापली. त्यातली वाचता येतात किती, हा रकाना कुठल्या तक्त्यात मला तरी दिसला नाही.

मायक्रोफिल्मच्या धंद्यात तो रकाना होता. शिस्तीत काम करणारे लोक रिळाच्या सुरुवातीला एक कसोटीचं पान टिपायचे. त्यावर बारीक होत जाणाऱ्या रेषांच्या जोड्या असतात. धुतलेली फिल्म सूक्ष्मदर्शकाखाली धरायची, कितव्या जोडीपर्यंत रेषा वेगळ्या दिसतात ते बघायचं. मग रीळ तपासणाऱ्याकडे. एकेक फ्रेम. जी बिघडली ती परत काढायची आणि तो तुकडा रिळाला जोडायचा. किती बारीक दिसायला हवं हे ठरवायला इंग्रजी छापातलं सगळ्यात लहान ‘ई’ अक्षर मोजायचे, कारण त्याच्या पोटातली फट बुजली की ते दुसरंच काहीतरी वाटतं. आपल्याकडे ही कसोटी अनुस्वाराची हवी, असं मला वाटतं. बोरूनं टेकवलेला एक टिंब. तो दिसला तर पान पास, नाही दिसला तर परत काढा. रोमन अक्षरासाठी ठरवलेल्या मापात आपला उकार बसतो का, रफार बसतो का, हे बघायला भाषाशास्त्राचा आणि फिजिक्सचा एकेक विद्यार्थी मिळून पुरेल. प्रोजेक्टला विषय शोधत असाल तर घ्या, फुकट देतो.

मायक्रोफिल्मची आरती ओवाळतोय असं वाटू नये म्हणून दुसरी बाजूही सांगतो. निकल्सन बेकर या अमेरिकी लेखकाचं ‘डबल फोल्ड’ नावाचं पुस्तक २००१ मध्ये आलं. मोठमोठ्या ग्रंथालयांनी जुनी वर्तमानपत्रं फिल्मवर घेतली आणि मूळ अंक रद्दीत काढले, विकून टाकले. नंतर बघतात तर फिल्मवर कुठे पानं गायब, कुठे मजकूर वाचता येत नाही. आणि मूळ तर गेलेलं. बेकरनं १९९९ मध्ये ब्रिटिश लायब्ररीनं विकायला काढलेले अमेरिकी वर्तमानपत्रांचे गठ्ठे स्वतः पैसे घालून विकत घेतले. चांगलं मशीन, चांगली फिल्म, चांगली पगारी माणसं असूनही हे झालं. कारण ‘सगळं फिल्म झालंय ना!’ वाक्य ओळखीचं वाटतंय?

तरी फिल्मची एक गोष्ट मला मोहात पाडते. पॉलिस्टरवरची चांगली चांदीची फिल्म थंड, कोरड्या जागी ठेवली तर तिचं आयुष्य पाचशे वर्षं धरतात. आणि वाचायला काय लागतं? उजेड आणि भिंग. पासवर्ड नाही, सर्व्हर नाही, सॉफ्टवेअरची जुनी व्हर्जन नाही. तुमच्या दहावीच्या वेळची पेनड्राइव्ह आज उघडते का, बघा. कोडिंगवाल्यांना तर हे माहीत असायला हवं. गिटहबनं २०२० मध्ये जगभरातला ओपन सोर्स कोड आर्क्टिकमधल्या स्वालबार्डच्या जुन्या कोळसा खाणीत ठेवला. २१ टेराबाइट. कशावर? फिल्मच्या १८६ रिळांवर. जगातल्या सगळ्यात डिजिटल लोकांनी शेवटी फिल्मवर भरवसा टाकला. जर्मनीत फ्रायबुर्गजवळ एका जुन्या खाणीत १९७५ पासून देशाची कागदपत्रं मायक्रोफिल्मवर, स्टीलच्या पिंपांत ठेवतात. आपण कोतवाल बुकांसाठी बर्फाळ खाण खणावी असं मी म्हणत नाही. पण १९६७ च्या आधीची गाव-रजिस्टरं पुन्हा कधी तयार होणार नाहीत. प्रत्येक जिल्ह्याची तेवढी तरी फिल्म करून नागपूरसारख्या ठिकाणच्या पुराभिलेखात ठेवावी, ही मागणी काही फार मोठी नाही. आणि ते होईस्तोवर मूळ बस्त्याला हात लावायचा नाही, तो रद्दीत जाऊ द्यायचा नाही, आणि माणसानं मागितला तर उघडून दाखवायचा. माहितीच्या अधिकारात नुसती प्रत मिळत नाही, अभिलेख स्वतः पाहण्याचा आणि टिपणं घेण्याचाही हक्क येतो. हे भावाला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही तेव्हाच कळलं.

एनएसएसच्या शिबिरात आपण दरवर्षी तोच रस्ता झाडतो, त्याच शाळेला तोच चुना लावतो. एखाद्या वर्षी गावच्या जुन्या शाळेत मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन दाखल-खारीज रजिस्टर टिपायला बसलं तर? फार सामान लागत नाही. खिडकीची एक स्वच्छ काच, फोन पालथा धरणारा स्टँड, डावी-उजवीकडून तिरके दोन दिवे, कारण समोरून फ्लॅश मारला की काच चमकते. एका बाजूच्या पानांखाली वह्यांचा गठ्ठा सरकवून दोन्ही पानं काचेच्या पातळीत आणायची, झाला पाळणा. स्क्रीनवर सगळ्यात बारीक अक्षरावर बोट दाबून धरलं की फोकस लॉक होतो, मग अंगठा आला काय नि गेला काय. लेन्स आधी पुसायची, हे सांगायला लाज वाटते पण सांगतोच, कारण निम्मे ब्लर फोटो खिशातल्या मळामुळे होतात. आणि प्रत्येक पान तिथल्या तिथे झूम करून दुसऱ्यानं वाचायचं. काढणारा वेगळा, तपासणारा वेगळा. ही नावं-गावं लोकांची खासगी आहेत, तेव्हा फोटो शाळेकडेच द्यायचे. रील बनवायची नाही.

जूनमध्ये मी गावी गेलो. अर्ज करून, दोनदा खेटे घालून तो बस्ता सोडवून घेतला. देवघरातल्या तसबिरीची काच काढून सोबत नेली होती. आईला सांगितलं नव्हतं. भाऊ एका बाजूनं मोबाइलचा टॉर्च तिरका धरून उभा, तिथलेच एक बाबू दुसऱ्या बाजूनं. त्यांनाही आता इंटरेस्ट आला होता. ‘जरा खाली घ्या, सावली पडून रायली,’ असं तेच सांगायला लागले. पान काचेखाली सपाट झालं. मी जातीच्या रकान्यातल्या पहिल्या अक्षराखाली बोट दाबून धरलं. स्क्रीन एकदा धूसर झाली, एकदा मागेपुढे झाली, आणि थांबली.

उकार होता. शाई थोडी पसरलेली, लिहिणाऱ्यानं बोरू घाईत उचललेला, पण उकार होता. त्याच्या वरच्या ओळीत पणजोबांचं नाव, आणि नावाच्या डोक्यावर एक अनुस्वार, जो आमच्या घरात आजवर कुणीच लिहीत नव्हतं. बाबूंनी स्वतःच्या फोनवरही एक फोटो काढून घेतला, ऑफिसच्या फाईलसाठी म्हणाले. फाईल अजून समितीकडे आहे. काच मी परत देवघरात बसवली, पण कोपऱ्याला एक टवका उडालाय, आणि तो आईला दिसलाय.